वालधुनीच्या काठाने



आपल्या मासिकात वारीच्या वाटेवरचं पुष्कळ येतं. दिवे घाट येतो, नीरेचं स्नान येतं, वाखरीचं रिंगण येतं. मीही ते आवडीने वाचतो. आज मात्र तुम्हाला एका वेगळ्या वाटेने नेणार आहे. वाट फार लांबची नाही, दहा-बारा किलोमीटरची. वारीतला अर्धा मुक्काम समजा. वाटेत विसावा नाही, चहा-पोहे वाटणारं मंडळ नाही, टाळ-मृदंग नाही. वास मात्र आहे. उपरणं नाकाला लावावंसं वाटलं तर लावा, मी काही म्हणणार नाही.

मी मूळचा माळशिरस तालुक्यातला. माउलींची पालखी आमच्या तालुक्यातून जाते, त्यामुळे चालता यायच्या आधी वारी बघितली. १९८६ साली पोटासाठी अंबरनाथला आलो आणि एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून लागलो. पुढे ऑपरेटर झालो, आणि तिथेच बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालो. माळ १९८९ ला आळंदीत घातली. नोकरीत असताना रजा मिळेल तेवढी वारी करायचो, कधी लोणंदपासून, कधी नुसती वाखरी ते पंढरपूर. निवृत्त झाल्यापासून आळंदी ते पंढरपूर पायी, खंड नाही.

यंदा माघात, महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात, माझी पुतणी आमच्याकडे आली. बी.ए.ला इतिहास घेतलाय तिने. पाठीवर तिच्या खांद्याच्याही वर जाणारी सॅक, पायात बूट, अंगावर तीन दिवसांची धूळ. ऐहोळे, बदामी, हंपी असं एकटीने फिरून आली होती. एसटी मिळेल तशी, मुक्काम मिळेल तिथे, जेवण परवडेल ते. याला बॅकपॅकिंग म्हणतात असं तिने आमच्या घरात समजावून सांगितलं. आमची मंडळी भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग तुझा चुलता तरी काय करतो गं दर आषाढात?"

रात्री जेवताना पोरीने विचारलं, "तात्या, अंबरेश्वराचं देऊळ इथून किती लांब?"

"पायी अर्धा तास."

"तुम्ही किती वेळा बघितलंय?"

"दर महाशिवरात्रीला जातो की. तीस-पस्तीस वेळा तरी."

"रांगेत उभे राहिलात की बघितलंत?"

माउली, याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. तिने एक कागद पुढे केला. त्यावर पेन्सिलीने एक वेडीवाकडी रेघ काढलेली होती. ती वालधुनी नदी. काकोळ्याच्या डोंगरात उगम, मग अंबरेश्वराचं देऊळ, मग उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, आणि शेवटी उल्हासची खाडी. "देऊळ बघू आणि तिथून नदीच्या काठाने कल्याण बंदरापर्यंत चालत जाऊ. जुनं देऊळ, जुनं गाव, मधे नदी. दिवसभरात होईल," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. पण त्या रेघेवर एक जागा अशी होती की तिथे माझं बोट आपोआप थांबलं. त्याबद्दल पुढे सांगतो.

सकाळी सहाला निघालो. तिची सॅक आणि माझी वारीचीच पिशवी: पाण्याची बाटली, भाकरी-चटणी, एक पंचा, हरिपाठाची पोथी. देवळाशी पोचलो तेव्हा उजाडत होतं. शिवरात्रीचे मांडव घालायला बांबू येऊन पडले होते, पण माणूस फारसं नव्हतं. गर्दी नसताना ते देऊळ मी पहिल्यांदाच पाहत होतो. काळा दगड सकाळच्या दवाने ओला दिसत होता.

ही बोलत होती आणि मी ऐकत होतो. मंडपाच्या उत्तरेकडच्या दाराच्या आत, वरच्या तुळईवर, लेख कोरलेला आहे. त्यात शके ९८२ हे साल आहे, म्हणजे इसवी सन १०६०. कोकणच्या शिलाहार राजांचं ते काम. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे सख्खे भाऊ एकामागून एक गादीवर आले, त्यातल्या मुम्मुणीच्या काळातला हा लेख. आता तुम्ही माझ्याबरोबर हिशेब करा. ज्ञानेश्वरी पुरी झाली शके १२१२ ला. म्हणजे माउलींनी नेवाशात खांबाला टेकून सांगायला सुरुवात केली, तेव्हा हे देऊळ सव्वादोनशे वर्षांचं जुनं झालेलं होतं. आपण त्याला सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत यादवांचा प्रधान, तोही माउलींच्याच शतकातला. तेव्हा हे नाव या देवळाला उशिराच चिकटलं. आमच्या दिंडीत कोणी पुन्हा हेमाडपंती म्हटलं तर मी आता टोकणार आहे, थोडा आगाऊपणा होईल, होऊ दे.

बाहेरून भिंती बघत दोन तास गेले. खाली हत्तींची रांग, वर देव, देवी, नर्तकी, मधूनच साधू. कुठे नाक झिजलंय, कुठे हात तुटलाय. पोरीने सांगितलं की १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची माणसं इथे येऊन राहिली, मापं घेतली, नक्षीचे साचे काढून नेले. दीडशे वर्षांपूर्वीही लोकांना वाटलं होतं की हे झिजून जाईल, त्याआधी उतरवून घ्यावं.

मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं. गाभारा जमिनीच्या पातळीच्या खाली आहे. शिवरात्रीला मागचा माणूस ढकलत असतो, त्यामुळे पायऱ्या कधी मोजल्या नाहीत, वर कधी पाहिलं नाही. या वेळी पाहिलं. वर शिखर मिटलेलं नाही, आभाळाचा तुकडा दिसतो. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, उजाडलं म्हणून ते अर्धं राहिलं, अशी गोष्ट आमच्याकडे सांगतात. मी पिंडीवर पाणी घातलं. वारकरी असून महादेवाला इतका भाव का, असं कोणी विचारलं तर मी नरहरी सोनारांचं नाव घेतो. ते कट्टर शैव. डोळ्यांना पट्टी बांधून विठ्ठलाच्या कमरेचं माप घ्यायला गेले, तर हाताला महादेव लागला. पट्टी काढली तर पुन्हा विठ्ठल. ती गोष्ट तुम्हाला पाठ आहे, मी काय सांगू.

वर आल्यावर मी विचारलं, "त्या लेखात दगड फोडणाऱ्यांची नावं आहेत का?"

"राजाचं आहे, अधिकाऱ्यांची आहेत. दगडवाल्यांची नाहीत."

मला चोखोबा आठवले. मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर होते. शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, ते कुसू कोसळलं आणि मजुरांबरोबर तेही गाडले गेले. नामदेवराय तिथे गेले, त्यांनी हाडं कानाशी धरली, आणि ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून पंढरीला आणली. बाकीच्या हाडांचं काय झालं, हे कोणी सांगत नाही. मी आयुष्यभर कंपनीत हातांनी काम केलं, म्हणून मला हे प्रश्न पडतात की काय, कोण जाणे.

मग आम्ही देवळाच्या मागे नदीकडे वळलो.

वालधुनी, माउली. देवळाला लागूनच वाहते. ज्याने हे ठिकाण निवडलं त्याने नदी बघूनच निवडलं असणार, कारण अभिषेकाला पाणी हवं, यात्रेकरूंना हात-पाय धुवायला हवं. अलीकडे तिथे सुशोभीकरणाचं काम निघालंय, ते चांगलंच आहे. पण नदीला नदी म्हणायला जीभ अडखळते. काळं, जाड, सावकाश सरकणारं पाणी. अंबरनाथमध्ये आम्ही सगळे तिला नालाच म्हणतो. पोरगी म्हणाली, "उगमाशी काकोळ्याला पाणी स्वच्छ आहे म्हणे." आहेच. तिथे रेल्वेने इंग्रजांच्या काळात इंजिनांना पाणी मिळावं म्हणून धरण बांधलं, त्याला अजून जीआयपी टाकीच म्हणतात. डोंगरातून निघताना ती आळंदीच्या लेकरासारखी निर्मळ असते. देवळापाशी येईपर्यंतच तिचं वय होतं.

काठाने चालायचं ठरवलं होतं, पण काठ सलग नाही. कुठे भिंत, कुठे झोपड्या, कुठे कचऱ्याचा ढीग. रस्त्याने जायचं, गल्ली दिसली की आत शिरून नदी बघायची, परत रस्ता धरायचा. असं करत एका ठिकाणी आलो, जिथे एमआयडीसीकडून येणारा एक नाला नदीला मिळतो. कागदावर माझं बोट थांबलं होतं ते इथेच. पोरीने फोटो काढला. "हा कुठून येतो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "वरून येतो." आणि पुढे चालू लागलो. खोटं बोललो नाही. पण खरंही बोललो नाही.

उल्हासनगर लागलं. हे गाव तुमच्यापैकी बहुतेकांना कपड्यांच्या बाजारापुरतं माहीत असेल. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना या छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर नाव मिळालं. कॅम्प एक ते कॅम्प पाच हे शब्द मात्र अजून लोकांच्या तोंडातून गेले नाहीत.

उन्हं चढली होती. एका दुकानाच्या ओट्यावर आम्ही टेकलो. आतून एक वयस्कर सिंधी गृहस्थ आले. माझ्या कपाळावरचा बुक्का आणि गळ्यातली माळ बघून त्यांनी हात जोडले. न विचारता आतून ताट आलं, त्यात भाजलेले पापड आणि दोन पेले पाणी. सिंधी घरात पाहुण्याला आधी पापड-पाणी देतात. आपल्याकडचा गूळ-पाणी तसाच तो प्रकार.

बोलता बोलता त्यांनी झुलेलालची गोष्ट काढली. सिंधी लोकांचा हा देव पाण्याचा देव. माशावर बसलेला, सिंधू नदीतून प्रकटलेला. चेटीचंडला बहराणा साहेब काढतात, म्हणजे दिवा, खडीसाखर, फळं, फुलं असं सजवलेलं ताट, आणि ते वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडतात. "मेरे दादाजी यही नदीमें छोडते थे," ते म्हणाले, आणि मग माझ्यासाठी मराठीत, "आता इथे कसं सोडणार? देवाला नाही सोडवत."

२०१४ च्या नोव्हेंबरातली गोष्टही त्यांनीच सांगितली. रात्री कोणीतरी टँकरने रसायन आणून वालधुनीत ओतलं आणि काठच्या वस्तीत विषारी वायू पसरला. शेकडो माणसं खोकत, डोळे चोळत इस्पितळात गेली. मला ती बातमी आठवत होती. पेपरात वाचून मी तेव्हा म्हटलं होतं, काय हलकट माणसं असतात. असं म्हटलेलं मला ओट्यावर बसल्या बसल्या स्पष्ट आठवलं. पाण्याचा पेला हातात होता. ज्या माणसांनी सिंधूसारखी नदी सोडली, ती इथे वालधुनीच्या काठी येऊन राहिली, आणि तिथल्या घरातलं पाणी मी पीत होतो.

निघालो. पुढचा अर्धा तास मी काहीच बोललो नाही. पोरगी दोनदा म्हणाली, "दमलात का तात्या?" वारकऱ्याला हे विचारू नये, पण तिला काय माहीत.

विठ्ठलवाडी आलं. स्टेशनच्या पाटीवरचं नाव बघून मी लोकलच्या दारातून रोज हात जोडायचो, बत्तीस वर्षं. त्या दिवशी पुलावर उभा राहिलो, खाली तीच नदी होती, आणि हात जोडले गेले नाहीत. तेव्हा मी तिला सांगितलं. आता तुम्हालाही सांगतो.

आमच्या कंपनीत सांडपाणी शुद्ध करायची टाकी होती. पाण्यात आम्ल असायचं. चुना टाकून ते मारायचं, गाळ खाली बसू द्यायचा, मग वरचं पाणी पुढे सोडायचं. याला वेळ लागतो, चुना लागतो, वीज लागते. नंतर गाळ उचलून नेण्याचा खर्च वेगळा. पावसाळ्यात रात्रपाळीला, पाऊस जोराचा लागला की वरून निरोप यायचा: आज चुना नको. टाकीच्या तळाशी एक व्हॉल्व्ह होता. त्याला लाल चाक होतं. मी ते फिरवायचो. नऊ फेरे. टाकी मागच्या नाल्यात रिकामी व्हायची आणि पावसाच्या लोंढ्यात मिसळून जायची. पाणी पिवळं असायचं, पण अंधारात रंग दिसत नाही. १९९२, ९३ आणि ९४, असे तीन पावसाळे हे काम माझ्याकडे होतं. गळ्यात माळ होती.

त्यातल्या एका वर्षी वारीला रजा मिळाली नाही. आषाढी एकादशीला मला रात्रपाळी आली. निर्जळी उपवास होता. चाकाशी उभा राहून मी हरिपाठ म्हणत होतो, आणि हात फिरत होते. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. उलट वाटलं, पंढरीला नाही जाता आलं, पण नाम तर चुकलं नाही.

तुम्ही म्हणाल, नोकरीचा प्रश्न होता. होता. मी परमनंट झालो नव्हतो, घरी मुलगा तान्हा होता. पण आमच्यातल्या एका माणसाने चाक फिरवायला नकार दिला होता, हेही खरं आहे. तो वारकरी नव्हता. त्याला टाकीवरून काढून पोती भरायच्या कामाला लावलं. बस्स, एवढंच झालं. नोकरी गेली नाही त्याची. पोती भरून भरून त्याची कंबर गेली म्हणा, पण तो माझ्या आधी परमनंट झाला. मला तेव्हा तो शहाणपणा करतोय असं वाटायचं.

पोरगी ऐकत होती. तिने मला "जाऊ द्या तात्या" म्हटलं नाही. मला वाटलं होतं म्हणेल.

"किती रात्री?" तिने विचारलं.

"मोजल्या नाहीत कधी."

"मग मोजा ना आता."

विठ्ठलवाडीपासून कल्याणपर्यंत मी मनाशी मोजत चाललो. पहिल्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, जुलैत जास्त. दुसऱ्या वर्षी पाऊस कमी. तिसऱ्या वर्षी ऑगस्टात एकदा सलग चार रात्री. माळेचे मणी ओढावेत तसे दिवस ओढत होतो. चाळीसच्या आसपास आले. "चाळीस धरू," मी म्हटलं. तिने नुसती मान हलवली.

कल्याणात शिरल्यावर जरा बरं वाटलं. जुन्या गावाला एक अंग असतं. अरुंद रस्ते, मधेच एखादा लाकडी कठडा, एखादं कौलारू छप्पर, इमारतींच्या मधे चेपून बसलेलं देऊळ. गल्ल्या सगळ्या खाडीकडे उतरतात. दुर्गाडीवर चढलो. किल्ला म्हणण्यासारखं फार उरलेलं नाही, बुरूज, थोडी तटबंदी, वर देवीचं देऊळ. १६५७ साली शिवरायांनी कल्याण घेतलं आणि मराठी आरमाराची सुरुवात या खाडीत झाली. खाली गणेश घाट. आम्ही घाटावर बसून भाकरी सोडली. दुपारचे साडेतीन झाले होते.

इथे पोरीने मला सोनाराची गोष्ट सांगितली, ती तुमच्यासाठी मी जपून आणली आहे.

कल्याण हे बंदर पार शिवरायांच्याही सोळाशे वर्षं आधीचं. ग्रीक खलाशांनी लिहून ठेवलेल्या एका जुन्या प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. आणि बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची जी बौद्ध लेणी आहेत, तिथल्या दगडांवर कल्याणच्या माणसांची नावं कोरलेली आहेत. राजांची नव्हेत. व्यापारी, कारागीर अशी आपल्यासारखी माणसं. त्यातला एक लेख कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराचा. त्याने काय दिलं? सोनं नाही, मूर्ती नाही. डोंगरात पाण्याचं टाकं खोदून दिलं. दुसरा एक कल्याणचा लोहार. त्याने पायवाट करून दिली.

मी तिला ते परत सांगायला लावलं. सोनाराने पाणी दिलं, लोहाराने वाट दिली. दोघांचाही धर्म वेगळा, काळ वेगळा, पंढरपूरचं नाव त्यांनी कदाचित ऐकलंही नसेल. पण जाणाऱ्या-येणाऱ्याला काय लागतं ते त्यांना बरोबर कळलं होतं. उन्हातान्हात डोंगर चढून आलेल्याला पाणी आणि पायाखाली वाट. आपल्या वारीतही याहून जास्त काय लागतं? सकाळी मी विचारलं होतं की दगड फोडणाऱ्यांची नावं कुठे आहेत. संध्याकाळी मला कारागिरांची नावं मिळाली, आणि ती पाण्याच्या टाक्यावर होती.

मी खाडीकडे बघत होतो. म्हटलं, "दरवर्षी चंद्रभागेत बुडी मारतो. त्यात हेही धुतलं गेलं असेल असं मी धरून चाललो होतो."

"धुतलं ते गेलं कुठे, तात्या?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

माउली, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. तुम्हीही जरा पाण्याची वाट आठवून बघा. आळंदीच्या इंद्रायणीवर फेस तरंगताना आपण सगळ्यांनी पाहिलाय, कार्तिकीला तर डोळ्यांदेखत. ती इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. भीमा उजनीत येते, उजनीतून पुढे पंढरपूर. तिथे आपण तिला चंद्रभागा म्हणतो आणि ओंजळीने तोंडात घेतो. आळंदीहून आपण निघतो तसं तिथलं पाणीही निघतं आणि पंढरीलाच येतं. आपली पावलं सगळ्यांना दिसतात, त्यामुळे आपल्या वारीचा गाजावाजा होतो. पाणी मुकाट्याने चालत येतं, पाठीवर आपण ठेवलेलं घेऊन. माझ्या चाळीस रात्री देवळाच्या अंगणातून गेल्या, झुलेलालच्या घाटावरून गेल्या, विठ्ठलवाडीवरून गेल्या, या सोनाराच्या गावाला आल्या.

घाटावर बसलो असताना खाडीला भरती लागली. कल्याणपर्यंत समुद्राचं पाणी चढतं, हे मला माहीत होतं, पण बसून कधी पाहिलं नव्हतं. आधी पाणी थांबल्यासारखं झालं. मग पाण्यावरचा पेंढा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक चप्पल आणि निर्माल्याचा एक हार, हे सगळं उलट्या दिशेला, जिकडून आलं तिकडे, हळूहळू जाऊ लागलं. पोरगी सॅकला टेकून झोपली होती. मी तिला उठवलं नाही.

अंधार पडता पडता लोकलने परतलो. विठ्ठलवाडीनंतर पुलाजवळ नेहमीप्रमाणे डब्यात वास आला आणि माणसांनी नेहमीप्रमाणे रुमाल काढले. मी पंचा मांडीवरच राहू दिला.

घरी वारीची वही आहे माझी. तीत मी दरवर्षी मुक्काम लिहितो आणि शेजारी स्नान कुठे झालं ते. त्या रात्री लिहिलं: अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण. स्नानाचं घर मोकळं सोडलं.

मंडळींना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तेव्हा तुमच्या कपड्यांना यायचा तो वास त्याचाच व्हय?" मी हो म्हटलं. पुढच्या एकादशीला आमच्या दिंडीच्या भजनानंतर चार माणसांत सांगितलं. सांगताना आवाज नीट लागला नाही, वीणेकरीबुवांनी पाणी दिलं. कोणी काही बोललं नाही. चपला घालताना मात्र दोघं जण मागे थांबले. दोघंही एमआयडीसीतून निवृत्त झालेले, दोघंही माझ्याहून जुने माळकरी. एक म्हणाला, "आमच्याकडे खड्डा होता." दुसरा म्हणाला, "आमच्याकडे टँकर." मग आम्ही तिघं देवळाच्या पायरीवर बराच वेळ बसलो.

तुमच्यापैकी कोणी अंबरनाथ, बदलापूर, तारापूर, पाताळगंगा, कुठल्याही एमआयडीसीत काम केलेलं असेल, आणि तुमच्याही हाताखाली असं एखादं चाक असेल, तर मला सांगायलाच पाहिजे असं नाही. मोजून मात्र बघा.

आता कान्हेरीला त्या सोनाराचं टाकं बघायला जायचं ठरलंय. पोरीचं म्हणणं पावसाळ्यात जावं, टाकी तेव्हा भरलेली असतात. तेव्हा आषाढी करून आलो की निघू. ते दोघंही येतो म्हणालेत. त्यातल्या एकाचे गुडघे दुखतात, म्हणून त्याने विचारलं की सामान न्यायला गडी मिळेल का. पोरीने फोनवरच सांगितलं, ज्याची पिशवी त्याने उचलायची.